जुनी लीफ पाव मैलासाठी तयार करताना पैसे कुठे घालावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१४ ची निसान लीफ ही इलेक्ट्रिक गाडी, २४ किलोवॅट-तासांचा मूळ बॅटरी पॅक, क्षमता बऱ्यापैकी उतरलेली, स्वस्तात मिळते आहे. तिला मोठी मोटर बसवून, किंवा मागच्या चाकांना वेगळी मोटर देऊन, पाव मैल (४०२ मीटर) १२ सेकंदांत कापायचा आहे. कोणती मोटर घ्यावी? आणि तीच गाडी रोजच्या कामालाही वापरता येईल का?

मोटरचं उत्तर आधीच देऊन टाकतो. सध्या कोणतीच घेऊ नका. पेट्रोल गाड्यांवर काम केलेल्या माणसाला ताकद म्हणजे इंजिन असं वाटणं साहजिक आहे. इथे ताकद पॅकमधून येते. मोटर फक्त ती चाकापर्यंत पोचवते, आणि बहुतेक मोटरी थोड्या वेळासाठी त्यांच्या कागदावरच्या आकड्यापेक्षा बरंच जास्त सोसतात. मग प्रश्न असा होतो: तुमचा पॅक दहा-पंधरा सेकंद किती करंट देऊ शकतो, आणि तो देताना त्याचं व्होल्टेज किती खाली बसतं?

याचा पुरावा लीफच्याच इतिहासात आहे. २०१३ पासून या गाडीत ईएम५७ मालिकेची मोटर आहे. २४ किलोवॅट-तासांच्या पॅकबरोबर ती ८० किलोवॅट देते. ४० किलोवॅट-तासांच्या पॅकबरोबर ११०. ६२ किलोवॅट-तासांच्या मोठ्या मॉडेलमध्ये १६०. मोटर त्याच मालिकेतली, ताकद दुप्पट. मधे बदलले ते पॅक आणि इन्व्हर्टर (पॅकचा डीसी करंट मोटरसाठी एसी करणारा भाग). टेस्लाने २०१५ मध्ये मॉडेल एस आणखी वेगवान केली तेव्हाही मुख्य बदल फ्यूज आणि काँटॅक्टरमध्ये (पॅक जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) होते. स्वतःचं इलेक्ट्रॉनिक्स असलेला नवा फ्यूज आला, काँटॅक्टरमध्ये पोलादाऐवजी इन्कोनेल हा उष्णता सोसणारा मिश्रधातू आला आणि पॅकमधून काढायचा कमाल करंट १३०० वरून १५०० अँपिअरवर गेला.

आता तुमच्या गाडीचा हिशोब करू. २०१४ च्या लीफचा टॉर्क २५४ न्यूटन-मीटर आणि गिअरचं प्रमाण ८.१९. चाकाची त्रिज्या साधारण ३१.५ सेंटिमीटर धरली तर टायरवर सुमारे ६,६०० न्यूटनचा जोर येतो. चालकासह गाडी १,५५० किलोची धरा. वेग घेताना वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं, म्हणजे नेमकी ओढणारी चाकं, हलकी होतात. हे सगळं धरलं तर हा जोर पूर्ण वापरायला टायरला ०.८७ च्या आसपास घर्षणांक लागतो. कमी इंधनखर्चासाठी बनवलेल्या टायरची कोरड्या डांबरावरची मर्यादा साधारण तिथेच येते. म्हणजे स्टार्ट लाइनवर ही गाडी आहे त्या टॉर्कवरच टायरच्या टोकाला पोचलेली आहे. तिथे आणखी टॉर्क ओतला तर फक्त धूर निघेल.

पण हा पूर्ण जोर ४३-४४ किलोमीटर वेगापर्यंतच टिकतो. तिथे ८० किलोवॅटची मर्यादा लागते आणि पुढे वेग वाढेल तसा जोर कमी होत जातो. ९० च्या वेगाला तो निम्म्यावर येतो. पाव मैलाचा बराचसा रस्ता तुम्ही या दुसऱ्या भागात काढता. गाडी तिथेच हळू वाटते आणि वेळ कमी करण्याची जागाही तिथेच आहे. ४५ पर्यंत टायरचं राज्य, त्यानंतर पॅकचं. मोटरचा मुद्दा या दोन्हींनंतर येतो.

पॅकमध्ये ९६ जोड्या एकापुढे एक जोडलेल्या आहेत. समजा भरलेल्या पॅकचं व्होल्टेज ३९० आहे आणि तुम्ही ५०० अँपिअर मागता. पॅकचा एकूण अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल तर व्होल्टेज ५० ने बसून ३४० वर येईल आणि तुम्हाला १७० किलोवॅट मिळतील. रोध ०.२ ओहम झाला असेल तर व्होल्टेज २९० वर येईल, ताकद १४५ किलोवॅट राहील आणि ५० किलोवॅट पॅकच्या आतच उष्णता म्हणून जळतील. शिवाय २९० म्हणजे सेलमागे जेमतेम ३ व्होल्ट. ही सरासरी झाली. सगळ्यात अशक्त सेल त्याच्याही खाली गेलेला असणार, आणि बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारी पॅकची नियंत्रण यंत्रणा, त्याच्याकडे बघूनच ताकद कापते. ०.२ ओहमच्या अशा पॅकमधून तुम्ही काहीही केलं तरी १९० किलोवॅटच्या वर काढता येत नाहीत. ती गणिताची मर्यादा आहे, आणि तिथे पोचताना अर्धी ऊर्जा पॅक तापवण्यात जाते.

क्षमता आणि रोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणारा क्षमता सांगतो, कारण पल्ला त्यावर ठरतो. ड्रॅगसाठी, म्हणजे अशा सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीसाठी, क्षमता जवळपास बिनमहत्त्वाची आहे. १,४०० किलोची गाडी १८० च्या वेगाला नेली तरी तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा अर्ध्या किलोवॅट-तासाच्या आसपासच भरते. वाया जाणारं धरलं तरी एका रनला एक किलोवॅट-तास लागत नाही. म्हणून क्षमता ७५ टक्के पण रोध कमी, असा पॅक मी ८५ टक्के क्षमतेच्या पण भाराखाली बसणाऱ्या पॅकपेक्षा आनंदाने घेईन.

मोजायचं कसं? लीफसाठी ओबीडी डोंगल (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये बसवून फोनला आकडे पाठवणारं छोटं यंत्र) आणि लीफस्पाय हे ॲप पुरतं. पॅक ८० टक्क्यांच्या वर भरलेला आणि कोमट असताना, बंद जागेत किंवा ट्रॅकवर, स्थिर वेगात चालताना व्होल्टेज आणि करंट नोंदवा. मग पेडल पूर्ण दाबा आणि दोन-तीन सेकंदांनी दोन्ही पुन्हा नोंदवा. व्होल्टेजमधल्या फरकाला करंटमधल्या फरकाने भागलं की रोध मिळतो. त्याच वेळी सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सेल यांतला फरक पाहा. उभ्या गाडीत सगळे सेल सारखेच दिसतात, त्यावर विश्वास ठेवू नका. एखादा सेल भाराखाली बाकीच्यांपेक्षा स्पष्ट खाली जात असेल तर तुमची ताकद तोच ठरवणार. तेवढं मॉड्यूल बदलता येतं. पण जुन्या पॅकमध्ये एक बदललं की दुसरं सगळ्यात अशक्त ठरतं, हा खेळ किती दिवस खेळायचा हे तुम्हीच ठरवा. विकणारा ही चाचणी करू देत नसेल तर मी गाडी सोडून देतो.

आता १२ सेकंद. कारखान्यातून आली तशी ही गाडी पाव मैलाला साडेसतरा सेकंदांच्या आसपास घेते. १२ साठी, वजन १,४०० किलोवर आणलं तरी, २५० किलोवॅटच्या जवळपास ताकद लागेल. खाली बसलेल्या ३०० व्होल्टवर हे ८०० अँपिअरहून जास्त झाले, आणि पॅक आहे नवा असताना ६६ अँपिअर-तासांचा. क्षमतेच्या बारा पट करंट. हे सेल त्यासाठी बनलेलेच नाहीत. दुसरी अडचण गिअरची. १२ सेकंदांत येणारी गाडी शेवटची रेषा १८० च्या आसपास ओलांडते. या गाडीची मोटर साडेदहा हजार फेऱ्यांच्या आसपास थांबते आणि ८.१९ च्या प्रमाणात तो वेग १५० च्या थोडा वर येतो. गिअरचं प्रमाण बदलता येईल, पण मग सुरुवातीचा जोर जातो. तेव्हा याच पॅकवर आणि पुढच्याच चाकांवर १२ सेकंद होणार नाहीत.

मागे दुसरी मोटर लावण्याची कल्पना ऐकायला छान आहे, आणि पकडीच्या बाबतीत खरीही आहे. पण दोन्ही मोटरी त्याच थकलेल्या पॅकमधून पिणार. ४५ पर्यंत फायदा मिळेल, पुढे काही नाही, आणि शंभरेक किलो वजन वाढेल. शिवाय मागची सबफ्रेम, ॲक्सल, थंड करण्याची व्यवस्था, दोन इन्व्हर्टरना एकमेकांशी बोलायला लावणं. एवढ्या श्रमात सरळ वेगळी गाडी होते.

मग करायचं काय, हे तुम्हाला नेमकं काय हवं आहे यावर अवलंबून आहे. लीफच हवी असेल तर ४० किंवा ६२ किलोवॅट-तासांच्या अपघातग्रस्त लीफचा पॅक आणि त्याच गाडीचा इन्व्हर्टर मिळवा. दोन्ही एकाच गाडीतून घेतले तर निम्मी डोकेदुखी वाचते. तरीही जुन्या गाडीची संदेशप्रणाली नव्या पॅकशी बोलत नाही, मधे भाषांतर करणारं छोटं मॉड्यूल लागतं. ते काम आता बऱ्याच जणांनी केलेलं आहे आणि त्याची माहिती खुली आहे. १६० किलोवॅट आणि १,५०० किलोच्या आसपास वजन झालं तर साडेचौदा ते पंधरा सेकंदांची अपेक्षा ठेवा. साडेसतरावरून तिथे येणं ही चांगली मजल आहे.

दुसरी वाट मला जास्त आवडते, पण ती हात चालणाऱ्या माणसासाठी आहे. प्लग-इन हायब्रिडचे, म्हणजे इंजिनही असलेल्या आणि बाहेरून चार्ज होणाऱ्या गाडीचे, सेल वापरायचे. शेव्हरोले व्होल्टच्या पहिल्या पिढीचा पॅक १६ किलोवॅट-तासांचा, २८८ सेलचा, द्रवाने थंड होणारा, सुमारे २०० किलोचा. मूळ गाडीत तो १११ किलोवॅटची मोटर चालवतो. तुमच्या लीफचा पॅक त्याच्या दीडपट क्षमतेचा आणि जवळपास ३०० किलोचा, तरी मोटर ८० ची. लहान पॅकमधून मोठी ताकद काढावी लागते म्हणून हायब्रिडचे सेल कमी रोधाचे बनवतात, आणि ड्रॅगला नेमकं तेच हवं असतं. दोन पॅक समांतर जोडले की दोनशे किलोवॅटच्या पुढे जाता येतं. मात्र जोडण्याआधी दोघांचं व्होल्टेज सारखं केलं पाहिजे आणि प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज आणि काँटॅक्टर हवा. वेगवेगळ्या व्होल्टेजचे पॅक थेट जोडले तर एकातून दुसऱ्यात किती करंट वाहील याचा हिशोब वर दिलेल्या रोधावरूनच करून बघा, हात आपोआप मागे येईल.

सेलमुळे किती फरक पडतो हे पाहायचं असेल तर जॉन वेलँड यांची १९७२ ची डॅटसन १२००, ‘व्हाइट झॉम्बी’ हे उत्तम उदाहरण आहे. लेड-ॲसिड बॅटऱ्यांवर ती पाव मैल ११ सेकंदांच्या घरात कापायची. लिथियम सेल आल्यावर, २०१० च्या सुमारास, ती १० च्या घरात आली. गाडी लहान, हलकी, मागच्या चाकांवर चालणारी.

तिसरी वाट अशी, की लीफ घेऊच नका. १२ हा आकडा पक्का असेल तर जुनी, मागच्या चाकांवर चालणारी मॉडेल एस पी८५ बघा. ती मुळातच साडेबारा-तेराच्या घरात आहे. वजन २,१०० किलोच्या आसपास, आणि त्यातलं बरंच काढता येण्यासारखं. सहज ३०० किलो उतरले तर १२ च्या उंबरठ्यावर येता, तेही उच्च दाबाच्या एकाही तारेला हात न लावता. तिच्या पॅकचीही चाचणी वर सांगितली तशीच करायची.

वजनाबद्दल एक नियम पाठ करून ठेवा. पाव मैलाची वेळ वजन आणि ताकद यांच्या गुणोत्तराच्या घनमुळाप्रमाणे बदलते. त्यामुळे ताकद दुप्पट केली तरी वेळ सुमारे २० टक्क्यांनीच कमी होते आणि वजन १० टक्क्यांनी घटवलं तर साडेतीन टक्क्यांनी. ऐकायला थोडं वाटतं, पण सतरा सेकंदांवर साडेतीन टक्के म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त, आणि मागची सीट, गालिचे, आवाज रोखणारे थर काढायला पाना पुरतो. पुढच्या चाकांच्या गाडीत वजन मागचं काढा, पुढचं ठेवा. पॅकभोवतीचा सांगाडा, दारांतल्या पट्ट्या आणि पॅकखालचं कवच यांना मात्र हात लावू नका.

टायर हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. पुढे मऊ रबराचे ड्रॅग रेडियल घातले तर सुरुवातीच्या अठरा मीटरांतच फरक दिसतो. पण पकड वाढली की आतापर्यंत चाक घसरून वाचणारे ॲक्सल आणि त्यांचे सांधे पूर्ण धक्का घेतात. इलेक्ट्रिक मोटर शून्यापासून पूर्ण टॉर्क देते, मधे घसरायला क्लच नाही. म्हणून टॉर्क एका झटक्यात न देता तो किती वेळात चढवायचा हे इन्व्हर्टरमध्ये ठरवता आलं पाहिजे. चढण थोडी मंद केली तर वेळ बहुधा सुधारते, कारण चाक फिरत नाही. खुल्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक घसरलं की दुसऱ्याचाही जोर जातो, तेव्हा पुढे कधीतरी हे रोखणारा लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल लागेलच. तो पहिल्या खर्चात धरू नका.

ट्रॅकच्या दिवशी पॅकचं तापमान सांभाळणं हीच अर्धी तयारी. थंड सेलचा रोध जास्त असतो, म्हणून सकाळच्या थंडीतला पहिला रन बरेचदा निराश करतो. मी पॅक ३५ ते ४० अंशांच्या आसपास आणि चार्ज ९० टक्क्यांच्या जवळ ठेवतो. लीफच्या पॅकला थंड करणारी यंत्रणा नाही. रन झाला, लगेच जलद चार्जिंग केलं, पुन्हा रन, असं करत गेलात तर तापमान चढतच जातं आणि बीएमएस ताकद कापू लागते. सुदैवाने एका रनला ऊर्जा इतकी कमी लागते की मधे चार्ज करायची गरजच नसते. गाडीखाली पॅककडे पंखा लावा, थांबा.

बीएमएसला चकवण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच: करंट सेन्सरला समांतर तार जोडा, म्हणजे त्याला निम्माच करंट दिसेल. हे मी माझ्याकडे कुणाला करू देत नाही. चार्जचा हिशोब बिघडतो हा लहान तोटा. मोठा तोटा असा, की सेल धोक्यात आहे हे ओळखणारा एकमेव पहारेकरी तुम्ही आंधळा करता. करंट वाढवायचाच असेल तर त्या करंटचे सेल, त्या करंटच्या पट्ट्या, त्या व्होल्टेजच्या डीसीला तोडू शकणारा फ्यूज आणि तेवढा भार असताना उघडू शकणारा काँटॅक्टर, सगळं एकत्र बदला. एसीचा करंट दर फेरीत शून्यावरून जातो, म्हणून ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत तशी संधी नाही. ठिणगी धरून राहते, काँटॅक्टर चिकटून बसतो आणि मग पॅक तोडायला काही उरत नाही.

पॅक उघडण्याआधीचे नियम थोडक्यात. सर्व्हिस प्लग (पॅकची साखळी मधोमध तोडणारा हाताने काढायचा प्लग) काढून खिशात ठेवायचा. इन्व्हर्टरचे कपॅसिटर रिकामे व्हायला किमान दहा मिनिटं द्यायची. मग १,००० व्होल्टच्या योग्य मीटरने मोजून खात्री करायची, आणि मोजण्याआधी व नंतर मीटर चालू आहे हे ज्ञात व्होल्टेजवर तपासायचं. १,००० व्होल्टचे रबरी हातमोजे, वर चामड्याचे, अंगावर धातू नाही, आणि दुसरा माणूस जवळ. सर्व्हिस प्लग काढल्यावरही मॉड्यूलमधलं व्होल्टेज तसंच असतं, त्यामुळे पॅकच्या आत ‘बंद’ अशी अवस्थाच नाही. हे काम पूर्वी केलेलं नसेल तर पहिल्यांदा ते येणाऱ्या माणसाच्या शेजारी उभं राहून करा.

ज्या ट्रॅकवर धावायचं त्याचे नियम खर्च करण्याआधी मागवा. कोणत्या वेळेखाली रोल केज (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) लागतो, बाहेरून हाताला येणारा बंद करण्याचा स्विच कुठे हवा, गाडीवर कोणती खूण लावायची, हे जागेनुसार बदलतं. तिथल्या अग्निशमनवाल्यांना पॅक कुठे आहे ते आधीच दाखवा. लिथियमची आग विझली असं वाटल्यावरही पुन्हा पेटू शकते आणि तिला भरपूर पाणी लागतं.

राहिला रोजच्या वापराचा प्रश्न. वजन उतरवणं, टायर आणि टॉर्कची चढण इथपर्यंत थांबलात तर खुशाल वापरा. चाकांचे दोन संच ठेवा, कारण ड्रॅग रेडियल ओल्या रस्त्यावर भरवशाचे नाहीत आणि पल्लाही खातात. पॅक आणि इन्व्हर्टर बदलले की विमा, नोंदणी आणि रस्त्यावर चालवण्याची परवानगी हे तुमच्या ठिकाणच्या नियमांवर आहे, ते आधी विचारा. दोन हायब्रिड पॅकची वाट धरलीत तर मी ती गाडी ट्रेलरवरूनच नेईन. तूर्तास पूर्ण पेडलवरचा रोध आणि सगळ्यात खालच्या सेलचं व्होल्टेज, हे दोन आकडे घेऊन या. त्यावरून ही गाडी घ्यायची की नाही हे सांगता येईल.